जेवायची कुठे, झोपायची कुठे?

डर्व्हला मर्फी या आयरिश बाईंचा प्रवास मी वर्गात सांगू लागले, की एक गंमत हमखास घडते. मुले विचारतात, "मॅडम, त्यांच्याजवळ पिस्तूल कोणते होते?" मुली विचारतात, "त्या जेवायच्या कुठे? झोपायच्या कुठे? आणि कपडे कुठे वाळत घालायच्या?"

खरे सांगायचे, तर मुलींचे प्रश्न मला अधिक शहाणपणाचे वाटतात. पिस्तूल होते, नाही असे नाही. युगोस्लाव्हियाच्या बर्फाळ रानात लांडगे अंगावर आले तेव्हा ते झाडावे लागले. तुर्कस्तानात मध्यरात्री एक आगंतुक खाटेपाशी उभा दिसला, तेव्हा छताच्या दिशेने एक गोळी सुटली आणि गृहस्थ पसार झाले. पण असे प्रसंग सहा महिन्यांत किती येणार? भूक मात्र रोज लागते, आणि सायकलवर तर ती आपल्या दिवाळीतल्या पोरांच्या भुकेसारखी, डबा कितीही भरलेला असला तरी तळ दाखवणारी असते.

१४ जानेवारी १९६३ रोजी बाई फ्रान्समधल्या डंकर्कहून एकट्या सायकलवर निघाल्या आणि १८ जुलैला दिल्लीत पोहोचल्या. वय एकतीस. युरोपात त्या वर्षी हाडे गोठवणारा हिवाळा पडला होता, त्यामुळे काही टप्पे नाइलाजाने गाडीतून करावे लागले. मग बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान. सायकल पुरुषी बांध्याची, 'आर्मस्ट्राँग कॅडेट' जातीची. तिचे नाव 'रोझ', डॉन क्विक्झोटच्या घोड्याच्या रोसिनान्ते या नावावरून घेतलेले. तिचे गिअर बाईंनी निघण्यापूर्वीच काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत आणि बिघडले तर दुरुस्त करणारा मिळणार नाही, हा हिशेब. साऱ्या प्रवासाला खर्च आला चौसष्ट पौंडांच्या आसपास. हा आकडा ऐकून आमचे 'हे' एकदम गंभीर झाले होते.

आपल्या घरातला प्रवास आठवून पाहा. माझ्या लहानपणी चौघांनी मामाच्या गावी जायचे म्हटले, तरी होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि वर शेजारच्या काकूंनी पोहोचवायला दिलेले लोणचे. एकट्या सायकलस्वाराला हा थाट परवडत नाही. चढ लागला, की सामानातली प्रत्येक वस्तू आपले वजन बोलून दाखवते. जास्तीचा सदरा चैनीचा ठरतो. उन्हे तापण्याआधी निघायचे, कारण दुपार आपली नसते. पाणी कुठे मिळेल हे आधीच्या गावातच विचारून ठेवायचे. साखळीला तेल, चाकात हवा, ब्रेकचे रबर हे रोज, देवपूजेसारखे. आणि उन्हे कलू लागली, की मनात एकच विचार, आज पाठ कुठे टेकायची.

बाईंनी ती कुठे कुठे टेकली! कधी धर्मशाळेवजा जागेत, कधी एखाद्या कुटुंबात, कधी अफगाण चहाखान्याच्या जमिनीवर. नान, अंडी आणि पेल्यांवर पेले चहा. एकट्या प्रवासाला आपण एकांत समजतो. पण एकटा प्रवासी दिवसभर माणसांच्याच ओंजळीने पाणी पितो. दोघे असले, की एकमेकांशी बोलतात. एकट्याला समोरच्याशी बोलावेच लागते. बाईंच्या अंगावरचे कपडे आणि भारदस्त आवाज यांमुळे कित्येकांना त्या पुरुषच वाटत, हाही एक फायदा. ज्या अफगाणिस्तानाबद्दल त्यांना सर्वांनी भीती घातली असेल, त्याच देशावर त्यांचा जीव जडला. तिथे एका बसमध्ये उतारूंची जुंपली असताना बंदुकीचा दस्ता लागून त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या, तरीही!

रात्री मात्र एक काम न चुकता व्हायचे. दिव्याच्या उजेडात दिवसाची टिपणे लिहायची आणि जमेल तेव्हा ती घरच्या स्नेह्यांना टपालाने धाडायची. त्यांतूनच १९६५ साली 'फुल टिल्ट' हे पुस्तक झाले. मराठीच्या अध्यापिकेने सांगायचे, तर त्यात निसर्गवर्णनाचे वेलबुट्टीकाम थोडे आणि जेवणखाण, अंगदुखी, ऊन यांची नोंद भरपूर आहे. म्हणूनच ते अजून वाचवते.

आता ही शिस्त आली कुठून? दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी या मुलीला एक जुनी सायकल दिली आणि एक नकाशासंग्रहही हाती आला. लिस्मोर गावाजवळचा चढ चढताना तिने आपल्या पायांकडे पाहिले आणि तिच्या मनात आले, हे असेच चालू ठेवले तर हिंदुस्थान गाठता येईल. बेत कुणाला सांगितला नाही. मोठी माणसे हसतील म्हणून. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आई संधिवाताने जखडलेली, तिचे सारे करायला घरात दुसरे कोण? वडील ग्रंथपाल. पुढची सोळा वर्षे उठवणे, बसवणे, भरवणे, रात्री हाकेला ओ देणे. त्याच आईने मधूनमधून तिला थोड्या दिवसांसाठी सायकलवर बाहेर पाठवले, स्पेनपर्यंत. वडील १९६१ साली गेले, आई १९६२ साली. पुढच्याच जानेवारीत रोझ दाराबाहेर पडली.

ही मधली सोळा वर्षे मी वर्गात सांगते, तेव्हा पिस्तूलवाली मुले गप्प होतात आणि मुली तर माझ्याकडे पाहतच नाहीत. त्यांतल्या दोघी-तिघींच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे मला ठाऊक असते. एकीने तास संपल्यावर हळूच विचारले होते, "मॅडम, आई असेपर्यंत त्यांना राग नसेल का येत?" येत होता. १९७९ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात बाईंनी तो लपवलेला नाही. आईवरचे प्रेमही नाही. मी त्या मुलीला पुस्तक आणून दिले. तिने ते दोन महिने ठेवले, आणि मीही मागितले नाही.

बाईंना कुणी धाडसी म्हटले, की त्या म्हणत, भीतीच वाटत नसेल तर धैर्याचा प्रश्नच कुठे येतो? मला वाटते, सोळा वर्षे रात्री-अपरात्री उठलेल्या माणसाला अनोळखी चहाखान्यात जाग येण्याचे फारसे अप्रूप राहत नसावे.

आणि दिल्लीला पोहोचल्यावर त्यांनी काय केले? विश्रांती, सत्कार, पुढचा देश? नाही. त्याच वर्षी त्या धरमशाळेला गेल्या, आणि तिबेटी निर्वासितांच्या लहान मुलांच्या छावणीत आजारी पोरांची शुश्रूषा करीत राहिल्या.