मान टाकली? पाण्याचा जग खाली ठेवा!

ऑर्किड गिफ्ट द्यायची फॅशन आता चांगलीच रुळली आहे. नवा फ्लॅट, प्रमोशन, अ‍ॅनिव्हर्सरी, काहीही असो. बुके चार दिवसांत माना टाकतो, ऑर्किड मात्र दोन-तीन महिने दिमाखात फुललेलं राहतं. बहुतेक वेळा ते असतं फॅलेनॉप्सिस: रुंद, जाड पानं आणि लांब दांडीवर पतंगांसारखी फुलं.

पण फुलं छान दिसताहेत म्हणजे झाड मजेत आहे, असं नाही हं. मुळं सडत असतानाही वर फुलं हसत राहतात. (आपल्या ऑफिसात असे किती जण आहेत, मोजा!)

परवा ठाण्याहून मैत्रिणीचा फोन. तिच्या पहिल्यावहिल्या, स्वतःच्या कर्जाच्या फ्लॅटसाठी बाबांनी ऑर्किड आणलं होतं. भेटवस्तू ही आईची जबाबदारी मानणाऱ्या बाबांनी स्वतः दुकानात जाऊन! आणि आता पानं सुरकुतलेली, लोंबलेली. "रोज पाणी घालतेय गं, तरी जास्तच लोंबतंय. रविवारी बाबा येतायत!"

रोज पाणी. तिथेच ग्यानबाची मेख आहे. सुरकुतलेलं पान सांगतं, 'मला तहान लागली आहे.' का लागली, ते सांगत नाही. पाणी कमी पडलं तरी पान लोंबतं आणि जास्त पाण्याने मुळं सडली तरी लोंबतं, कारण सडलेलं मूळ पाणी पिऊच शकत नाही. म्हणून पान नव्हे, मूळ बघायचं. निरोगी मूळ टणक असतं. कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवं. तपकिरी आणि दाबल्यावर मऊ लागलं, की ते गेलं.

हे झाड मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं, आपल्या सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीसारखं. पावसात भिजायचं, वाऱ्यावर सुकायचं, ही त्याच्या मुळांची सवय. म्हणूनच कुंडीबाहेर लोंबणारी मुळं बघून घाबरू नका, आणि कात्री तर मुळीच लावू नका. मैत्रिणीची कुंडी मात्र सुंदर, सिरॅमिकची आणि खाली एकही भोक नसलेली. तळाशी दोन बोटं पाणी!

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. पानं गडद हिरवी म्हणजे उजेड कमी. पिवळट किंवा लालसर म्हणजे ऊन जास्त. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडलं तर ते वय, सोडून द्या. मधला कोंब पिवळा-काळा पडला तर मात्र धोका. तिथे पाणी साचलं की लगेच टिश्यूने टिपा. कळ्या न उमलताच गळत असतील तर कुंडी एसीच्या झोतात आहे का ते बघा. किंवा शेजारी आंब्याची पेटी! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्यांना तो सोसत नाही.

शनिवारी आम्ही ऑपरेशनला बसलो. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापली, उरली पाच. भोकांची साधी प्लास्टिकची कुंडी, त्यात कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. मग मी म्हटलं, "फुलांची दांडीही काप. एवढ्याशा मुळांना तिचा भार नको."

"अगं, मग बाबांना दाखवू काय?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी तिनेच कापली आणि उंच ग्लासात पाण्यात ठेवली. फुलं तिथेही टिकतात. झाडावर पुढचा तुरा आलाच तर थंडीतल्या गार रात्रींनंतर. आधी वाट बघायची ती नव्या पानाची, नाहीतर हिरव्या टोकाच्या नव्या मुळाची.

रविवारी रात्री तिचा मेसेज आला. बाबांनी ग्लासातल्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही म्हणे. सरळ खिडकीशी गेले, कुंडी उचलून खालून बघितली आणि म्हणाले, "हां, आता भोकं आहेत. त्या दुकानदाराला मी तेव्हाच विचारणार होतो."