परदेशी भांडवल आणि आपली पऱ्हाटी



मृगाचा पाऊस पडला की घाटंजीच्या कृषी केंद्रांसमोर कास्तकारांची गर्दी होते. कोणी बायकोची पोत गहाण ठेवून आलेला, कोणी उधारीचा शब्द घेऊन आलेला. अशाच एका दिवशी वस्तीतील एका आजीने आम्हाला थांबवून विचारले, "काहो भाऊ, टीव्हीवर म्हणते का परदेशातून लय पैसा येऊन राह्यला. मंग आपल्या वस्तीत काहून येत नाही?"

आम्ही त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. विचार करता लक्षात आले की आजीबाई, तो पैसा आपल्या वस्तीत केव्हाच आला आहे. सरकीच्या पाकिटात बसून आला आहे!

परदेशी थेट गुंतवणूक म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. कर्ज घेतले तर ते व्याजासह फेडावे लागते. थेट गुंतवणुकीत परदेशी कंपनी आपल्या देशात कारखाना काढते, किंवा येथील कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेऊन तिच्या कारभारात बसते. धंदा बुडाला तर तिचे पैसे बुडतात. धंदा चालला तर नफा तिचा, आणि तो ती मायदेशी नेऊ शकते. सोबत ती नवे तंत्र आणते, काहींना रोजगार देते, सरकारला कर देते. जुलै १९९१ मध्ये देशाने नवे औद्योगिक धोरण स्वीकारले, तेव्हा सरकारने हेच फायदे सांगितले होते. ते खोटे नव्हते. पण अर्धेच होते.

आपल्या जिल्ह्याला परदेशी भांडवल नवे नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे इंग्रज कंपनीच्या भांडवलावर उभी राहिली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. तो कापूस पुढे मुंबईहून जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. रेल्वे आली हे चांगलेच झाले, आपल्या आज्या-पणज्यांनीही तिने प्रवास केला. पण रूळ कोठून कोठे टाकायचे, हे ज्याचे भांडवल त्याने ठरवले. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे गाडी सरकार चालवी आणि मार्गाची मालकी कंपनीकडे राही. आज ती गाडी बंद आहे.

आता पाकिटाकडे येऊ. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत १९९८ साली अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने २६ टक्के हिस्सा घेतला. दोघांनी मिळून एक निराळी कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. बोंडअळीला मारणारे जनुक त्या सरकीत घातलेले होते. जनुक परदेशी कंपनीचे, सरकी बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक देशी. या देशी कंपन्यांनी प्रत्येक पाकिटामागे जनुकाचे शुल्क द्यायचे, असा तो व्यवहार.

सुरुवातीला फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बोंडअळीवरची फवारणी कमी झाली. देशाचे कापसाचे उत्पादन २००२-०३ साली १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ साली ३९८ लाख गाठींवर गेले. सिंचन वाढले, नवे वाण आले, त्याचाही त्यात वाटा होता. कापूस बाहेरून आणणारा देश कापूस विकणारा झाला. बोंडे वाढली तशी आपल्या माय-बहिणींना वेचणीचे दिवसही वाढले.

पण ४५० ग्रॅमच्या पाकिटाला कास्तकार १६०० रुपये आणि त्याहून जास्त मोजत होता. त्यातला मोठा भाग जनुकाच्या शुल्काचा होता. सामना करणारे दुसरे जनुक बाजारात जवळपास नव्हतेच. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे पाकीट ७५० रुपयांपर्यंत खाली आले. पुढे केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाण्यासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला. शुल्क आधी ४९ रुपये, मग ३९, मग २० आणि २०२० पासून शून्य झाले. म्हणजे भाव कमी करणे शक्य होते. सरकारने मनावर घ्यायला एवढी वर्षे लागली, आणि त्या वर्षांचे पैसे आपल्या कास्तकाराच्या खिशातून गेले.

चीनने काय केले ते पाहा. तेथेही १९९७ साली मोन्सॅन्टो आली. पण त्याच वेळी चीनच्या सरकारी शास्त्रज्ञांनी आपले स्वतःचे बीटी जनुक तयार ठेवले होते. घरचा माल समोर असल्यामुळे परदेशी कंपनीला मनमानी भाव लावता आला नाही. आपल्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बीकानेरी नरमा हा बीटी वाण काढला होता. त्याचे बियाणे घरी राखून पुन्हा पेरता येणार होते. २००९ साली तो बाजारात आला आणि लगेच थांबवावा लागला, कारण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले. परदेशी कंपनीला दोष देताना आपल्या घरचा हा ढिलेपणाही विसरता येत नाही.

दाभोळच्या एन्रॉनचा धडा तोच आहे. १९९३ साली वीज मंडळाने करार केला. महागडी वीज घेण्याचे बंधन मंडळावर आले. १९९९ साली वीजनिर्मिती सुरू झाली, २००१ साली प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. पैसा किती येतो एवढेच पाहिले आणि करारातली कलमे वाचली नाहीत, तर असे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे, एवढेच दुखणे नाही. शेतीत भांडवल कमी आणि माणसे जास्त आहेत, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांनी मांडले. बाबासाहेब भांडवलाचे शत्रू नव्हते. भांडवलाने कष्टकऱ्याचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. आपणही तोच विचारावा.

कारण अखेर झळ कोणाला लागली? गुलाबी बोंडअळी बीटीला पचवून बसली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाची कपाशी खाल्ली. त्याच पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे होते. याचा सारा दोष बियाण्यावर टाकणे बरोबर नाही. औषधांची मिसळ, उंच वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला फडके नाही, तपासणी नाही, असे सारेच कारण झाले. पण नफ्याच्या वाटणीत ज्याचे नाव कोठेच नव्हते, तोच मजूर धोक्याच्या वाटणीत पहिला निघाला. यात आपल्या समाजाची माणसे किती असतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आमची विनंती आहे. पाकीट घेताना पक्के बिल घ्या आणि हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बिलाशिवाय तक्रार उभी राहत नाही. फवारणीला जाणाऱ्याला उपाशीपोटी पाठवू नका. मालकाकडून हातमोजे आणि तोंडाला मास्क मागा, तो उपकार नाही. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग लेकराला जवळ घ्या. आणि विज्ञान शिकणारी मुलगी घरात असेल, तर तिला कृषी महाविद्यालयाचा रस्ता दाखवा. उद्या नागपूरच्या प्रयोगशाळेत आपली लेक बसली, तर सरकी कोणासाठी बनवायची, हे तीही ठरवील.

आजीबाईंना आम्ही एवढेच सांगू: पैसा आला होता, आजी. त्याचा हिशेब मात्र आपण मागितला नाही. आता मागू या.