सल्लागार मंडळात आपले कोण?



जीएनएमचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षे विदर्भाच्या ग्रामीण भागात सिस्टर म्हणून नोकरी केली. आपल्याच समाजातली एक आई सिकलसेल झालेल्या मुलाला घेऊन वरचेवर वॉर्डात यायची. मुलाचे हातपाय, कंबर असे ठणकायचे की तो रात्रभर कण्हत राहायचा. सलाइन, दुखणे कमी करणारी इंजेक्शने, कधी रक्त. चार दिवसांनी जरा बरे वाटले की घरी. एकदा मी तिला दिव्यांग प्रमाणपत्र काढायला पाठवले. ती हात हलवत परत आली. खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, "पोरगा चालत आला ना? मग कसला दिव्यांग?" ती मला म्हणाली, "सिस्टर, याचं दुखणं रक्तात हाय. ते कोनाले दिसन कसं?"

तेव्हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होऊन गेला होता. १९ एप्रिल २०१७ पासून तो देशभर अंमलात आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत. कायद्याला जे दिसले ते खिडकीवरच्या माणसाला दिसले नाही.

पण अडचण फक्त खिडकीवर नाही, कायद्यातही आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर हाच मुलगा सरकारी व अनुदानित कॉलेजच्या प्रवेशात ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगू शकतो. शिकून बाहेर पडल्यावर सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात मात्र त्याला जागा नाही, कारण त्या यादीत रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. आदिवासी बांधवांना तपासणी व उपचार मिळालेच पाहिजेत. पण विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे, हे सरकारपुढे कोणी मांडायचे? आणि कुठे?

कायद्याने त्यासाठी जागा केलेली आहे. तिचे नाव राज्य सल्लागार मंडळ. दिव्यांगांविषयी धोरण तयार करणे, सरकारला सल्ला देणे, सगळ्या खात्यांच्या कामाचा आढावा घेणे आणि कायद्याचा प्रत्यक्षात काय परिणाम होतो ते तपासणे ही या मंडळाची कामे आहेत. सहा महिन्यांतून किमान एक बैठक झालीच पाहिजे, असे कायदा सांगतो.

आता या मंडळात कोण बसते ते पाहू. दिव्यांग कल्याणाचे मंत्री अध्यक्ष. अर्थ, आरोग्य, शिक्षण, ग्रामविकास, परिवहन अशा डझनाहून अधिक खात्यांचे सचिव. विधानसभेने निवडलेले दोन आणि विधान परिषदेने निवडलेला एक असे तीन आमदार. उरलेल्या जागा सरकार नेमणुकीने भरते. पाच तज्ज्ञ, आळीपाळीने पाच जिल्ह्यांचे प्रतिनिधी, संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी आणि उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेचे जास्तीत जास्त तीन.

त्या दहा जागा आपण नीट वाचल्या पाहिजेत. दहापैकी किमान पाच स्त्रिया हव्यात. किमान एक सदस्य अनुसूचित जातीचा आणि किमान एक अनुसूचित जमातीचा हवा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातीच्या यादीत आहेत, म्हणजे या जागेवर आपलाही हक्क आहे. पण हे दहा जण स्वतः दिव्यांग असावेत, असे सांगताना कायद्याने 'शक्यतो' अशी सूट ठेवली आहे. ज्यांच्यासाठी मंडळ आहे, त्यांच्यातला एकही माणूस शोधणे जमले नाही, असे म्हणायला त्या एका शब्दाने वाट मोकळी होते.

जिल्ह्यांच्या जागांचाही हिशेब करा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. एका वेळी पाच जिल्ह्यांचे प्रतिनिधी आणि मुदत तीन वर्षांची. अगदी प्रामाणिकपणे पाळी लावली, तरी सगळे जिल्हे एकदा व्हायला एकवीस वर्षांहून जास्त लागतील. म्हणून आपल्या जिल्ह्याची पाळी येईल तेव्हा नाव तयार नसेल, तर एक पिढी गेली असे समजा. हे नाव जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीशिवाय जात नाही. शिफारस कोणाच्या नावाची झाली, हे आपल्याला कधी कळते का?

मी एकदा एका कार्यालयात जिल्हास्तरीय दिव्यांग समितीची यादी मागितली. ही समितीही याच कायद्याने नेमायची आहे. मला सांगितले, यादी फाइलमध्ये आहे, फाइल साहेबांकडे आहे, साहेब दौऱ्यावर आहेत. तीन चकरा झाल्या, यादी मिळाली नाही.

तज्ज्ञ नकोत असे माझे म्हणणे नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक हवेतच. पण रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या पोराला घेऊन एसटी स्टँडवर बसलेली आई जे जाणते, ते कोणत्याही पदवीत शिकवले जात नाही. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ ने हे थोडे तरी ओळखले. त्यातल्या राज्य प्राधिकरणात मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तींचे दोन आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असतात. पंधरा वर्षे अनुभव असलेल्या मानसिक आरोग्य परिचारिकेलाही तिथे जागा आहे. दिव्यांग सल्लागार मंडळात परिचारिकेसाठी किंवा काळजी घेणाऱ्या आईसाठी अशी नाव घेऊन ठेवलेली जागा नाही.

नेमणुकीने मिळालेले प्रतिनिधित्व किती अपुरे असते, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. ते स्वतः मुंबई कायदे कौन्सिलचे नामनियुक्त सदस्य होते. तरीही १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी नामनियुक्तीऐवजी निवडणुकीने प्रतिनिधी पाठवण्याची मागणी केली. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघून बोलतो, निवडलेला माणूस लोकांकडे बघतो. सल्लागार मंडळाच्या सगळ्या जागा आज निवडणुकीने भरता येणार नाहीत, हे खरे. पण नेमणूक उघडपणे व्हावी, एवढे तरी आपण मागू शकतो.

मला वाटते, मागण्या चार असाव्यात. जागा भरण्याआधी सरकारने जाहीर सूचना काढून नावे मागवावीत. सदस्यांची यादी आणि बैठकांचे इतिवृत्त लोकांसमोर ठेवावे. दहाच्या दहा प्रतिनिधी दिव्यांगच असावेत, 'शक्यतो'चा आधार घेऊ नये. आणि सदस्याला प्रवासखर्च, सोबतीला माणूस, गरज असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळावा. नाहीतर गडचिरोलीची व्हीलचेअरवरची बाई मुंबईच्या बैठकीला पोहोचणार कशी?

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीची समिती आपण महिनाभर आधी करतो, पदांसाठी रात्र-रात्र बैठका घेतो. पण सल्लागार मंडळासाठी आपल्या संघटनेने एखाद्या दिव्यांग भगिनीचे नाव पाठवल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. उद्या अनुसूचित जातीची जागा आली आणि तिथे एखाद्या पुढाऱ्याचा धडधाकट कार्यकर्ता बसवला, तर तो अन्याय आपणच आपल्या माणसांवर केलेला असेल.

काम अवघड नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, म्हणून नेमके विचारा: जिल्हा समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्ताची प्रत द्या, राज्य मंडळासाठी कोणाची शिफारस केली. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार मंडळे व समित्यांची माहिती कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायची असते, हेही अर्जात लिहा. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. वस्तीत कोणाला सिकलसेल आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोण घराबाहेर पडू शकत नाही, याची नोंद त्या घरांच्या संमतीने करा. त्यांच्यातूनच दोन नावे ठरवा, त्यात एक बाई असू द्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र देऊन पोच घ्या.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. प्रमाणपत्र त्याला पुढे मिळाले, त्यासाठी आम्ही दोघी पाच वेळा गेलो. नोकरीच्या जाहिराती तो अजून वाचतो आणि कागद घडी करून ठेवतो. त्याची आई मंडळाच्या बैठकीत बसली, तर पहिला प्रश्न ती काय विचारेल हे मला ठाऊक आहे. तो प्रश्न विचारायला तिला खुर्ची मिळवून देणे हे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!