चिकन खा, पण चिवट करून नको

पूर्णा असो की परभणी, बहुतेक घरांत स्वयंपाक गॅसवरच होतो. ओव्हन नसल्याने चिकनचे काही बिघडत नाही. बिघडते ते कुकरच्या शिट्ट्यांनी. कोंबडीच्या छातीचे बोनलेस तुकडे चार-पाच शिट्ट्यांनंतर कोरडे आणि चिवट होतात. दात पडलेली आजी ते ताटात तसेच ठेवते. क्षयरोगातून सावरणारा रुग्ण दोन घास खाऊन हात धुतो. ज्यांना प्रथिनांची गरज सर्वात जास्त, त्यांच्याच पोटात ती जात नाहीत.

छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अगदी कमी. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला उपचाराच्या काळात दरमहा १००० रुपये मिळतात. त्या पैशातून आणलेले चिकन ताटात उरले, तर उपयोग काय?

जास्त शिजवण्यामागे भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. मात्र हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला टिकत नाही. मांसाच्या मध्यभागी ७४ अंश तापमान पोचले की साल्मोनेलासारखे जंतूही मरतात. त्यापुढच्या शिट्ट्यांनी सुरक्षितता वाढत नाही, फक्त मांसातला रस निघून जातो. मटण किंवा तंगडी वेळ दिल्यावर मऊ होते, कारण त्यातले चिवट धागे हळूहळू विरघळतात. छातीत असे धागे फारसे नसतातच. आजारी किंवा मेलेली कोंबडी मात्र स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये.

पद्धत साधी आहे. जाड तुकडा आडवा चिरून किंवा लाटण्याने हलके ठोकून सगळीकडे सारखा, साधारण दोन सेंटिमीटर जाड करावा. मीठ, हळद आणि थोडे दही लावून अर्धा तास झाकून ठेवावा, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. जाड बुडाच्या तव्यावर चमचाभर तेलात मध्यम आचेवर एक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी. मग तुकडा उलटून, आच मंद करून, घट्ट झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे शिजू द्यावा. आत कोंडलेली वाफ ओव्हनचेच काम करते. सर्वात जाड जागी कापून पाहावे: मांस आतपर्यंत पांढरे आणि रस स्वच्छ हवा. गुलाबी दिसल्यास आणखी शिजवावे. गॅस बंद करून पाच मिनिटे तसेच ठेवावे आणि धाग्यांना आडवे कापावे.

खरा धोका बहुधा तव्यावर नसतो, ओट्यावर असतो. कच्चे चिकन नळाखाली धुतले की जंतू शिंतोड्यांबरोबर भांड्यांवर उडतात. धुवायचेच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे. त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरू नये. सुरी, ओटा आणि हात साबणाने धुवावेत. मराठवाड्याच्या उन्हात दुकानातून आणलेले चिकन तासाभरात शिजवावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इतरांच्या बाबतीत डॉक्टरांनी आणि आशाताईंनी ‘प्रथिने खा’ म्हणून थांबू नये. रुग्णाला चावता येईल असे ते कसे शिजवायचे, हेही घरच्यांना सांगितले पाहिजे. तोही उपचाराचाच भाग आहे.