‘एक दिवस गोळी नको घेऊ, फायनल आहे’

‘रक्त पातळ करायची गोळी’ या शब्दापासूनच माझं भांडण सुरू होतं. रक्त पातळ वगैरे काही होत नाही हो. घट्ट वरणात पाणी ओतावं तसला हा प्रकार नाही. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं अ‍ॅसेनोकुमारॉल, ही औषधं यकृतात व्हिटॅमिन के चं काम अडवतात आणि रक्त गोठवणारे काही घटक नीट तयार होऊ देत नाहीत. रक्त दिसायला तसंच, वाहायलाही तसंच, फक्त गोठायला जास्त वेळ घेतं. आता तुम्ही म्हणाल, शब्दाचं काय एवढं मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण या शब्दामुळेच आमच्या भागातल्या पोट्ट्यांना वाटतं की सामन्याच्या दिवशी गोळी टाळली की रक्त ‘परत घट्ट’ होतं आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेतली की सगळं जिथल्या तिथे.

मी सोनाळ्याचा. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. सध्या मुक्काम पोस्ट हिंजवडी, इतर हजारो वऱ्हाडी इंजिनिअर्ससारखा. लहानपणी संधिवाताचा ताप आला, त्यात हृदयाची झडप खराब झाली आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या जागी कृत्रिम झडप बसली. (मीटिंगमध्ये फार शांतता झाली की शेजारच्याला टिकटिक ऐकू येते. तो आपलं घड्याळ बघतो. मी सांगत नाही.) तेव्हापासून रोज संध्याकाळी गोळी, आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: तुमचा आयएनआर साधारण १ असतो, माझ्यासारख्यांचा झडपेच्या जागेप्रमाणे २.५ ते ३ च्या आसपास ठेवतात. त्याच्या खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. दोन्ही बाजूंनी दरी आणि मधून बैलगाडीएवढा रस्ता.

आणि शाळेत मी रेडर होतो. म्हणजे हा लेख तटस्थ वगैरे नाही, आधीच सांगतो.

कबड्डी हा आमच्याकडे नुसता खेळ नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी. वऱ्हाडी माणूस हे कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो. तर अशा ठिकाणी विशीतला पोरगा झडप बदलून घरी येतो, सहा महिन्यांनी धावायला लागतो, चेहऱ्यावर रंग येतो, आणि हिवाळ्यात सामने लागतात. कॅप्टन म्हणतो, ‘एक दिवस गोई नाई घेतली तं काय होते बे? काई होत नाई.’

काय होते ते सांगतो. वॉरफरिनचा परिणाम उतरायला चार-पाच दिवस लागतात. अ‍ॅसेनोकुमारॉल त्यापेक्षा लवकर उतरतं, तरी दोनेक दिवस धरा. म्हणजे आदल्या रात्रीची गोळी चुकवून मैदानात उतरलेल्या पोराचा आयएनआर अजून धड खाली आलेलाच नसतो. मांडीवर पकड बसली, चौघं अंगावर पडले, डोकं कुणाच्या गुडघ्यावर आपटलं, तर रक्तस्रावाचा धोका जवळपास पूर्ण शिल्लक. आणि गोळी चुकवल्याचा तोटा नंतर सुरू होतो. आयएनआर पुढच्या दिवसांत घसरतो, परत वर यायला आणखी काही दिवस जातात, आणि त्या काळात झडपेवर गुठळी धरू शकते. ती अडकली तर झडप बंद, सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आदल्या रात्री सिक्युरिटी बंद केली, बग होता तिथेच राहिला, आणि वरून सर्व्हर उघडा पडला. यापेक्षा वाईट सौदा मला माहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण सगळा दोष कॅप्टनच्या माथी मारणं सोपं आहे. डिस्चार्जच्या वेळी पोराला काय सांगितलं जातं? ‘खेळायचं नाही.’ दोन शब्द. कुठला खेळ, किती दिवस, का, काहीही नाही. बाहेर चाळीस पेशंट थांबलेत हे मला दिसतं, पण एकवीस वर्षांच्या पोराला दोन शब्दांत आयुष्यभराचा हुकूम दिला तर तो एक तर घाबरून चालणंही सोडतो, नाहीतर गुपचूप खेळतो. गुपचूप खेळणारा पडल्यावरही गुपचूपच राहतो, आणि खरा घात तिथे होतो.

हुकूम मुळात बरोबर आहे, हेही लिहून टाकतो. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, रग्बी: अँटिकोॲग्युलंट चालू असताना नाही म्हणजे नाही. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. हेल्मेट घालून खेळतो म्हणणाऱ्यांना एवढंच, की हेल्मेट कवटी वाचवतं. झटक्याने आत मेंदू हलतो आणि बारीक शिरा तुटतात ते त्याला पूर्ण थांबवता येत नाही. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला उभा असताना चेंडू डोक्याला लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं हे खरं. पण चेंडू लागल्यावर तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला होता, हेही खरं. डोक्यातला रक्तस्राव असा वेळ घेऊन येतो. गोळी घेणाऱ्यात तर ‘मी ठीक आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. डोक्याला जोरात लागलं की लक्षण असो नसो, दवाखाना आणि सीटी स्कॅन. आता सोनाळ्यातून रात्री अकोल्याचं मेडिकल कॉलेज गाठायला किती वेळ लागतो याचा हिशोब ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांनी करावा.

अजून एक. सामना झाल्यावर अंग दुखतं म्हणून गावात हमखास होणारा उद्योग: कमरेत डायक्लोचं इंजेक्शन. गोळी घेणाऱ्याला हे दुहेरी महाग. असल्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, आणि स्नायूत खुपसलेल्या सुईने आतल्या आत रक्त साकळतं. (दर एकवीस दिवसांचं पेनिसिलिन ही वेगळी गोष्ट, ते डॉक्टर आयएनआर बघून ठरवतात. ते परस्पर बंद करू नका.)

शहरी मित्रांचा युक्तिवाद वेगळा. ‘अरे, अमेरिकेत खेळाडू खेळतात की!’ बरं. बास्केटबॉलचा ख्रिस बॉश. २०१५ मध्ये फुफ्फुसात गुठळी, २०१६ मध्ये पुन्हा. लवकर उतरणाऱ्या औषधाची वेळ सामन्याप्रमाणे जुळवून खेळता येईल का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण त्यानंतर तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. ही कल्पना टाकाऊ नाही, पण ती शिरेतल्या गुठळीसाठी, नव्या औषधांवर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. कृत्रिम झडपेला ती नवी औषधं चालतच नाहीत. डाबिगाट्रानचा तसा प्रयोग करून पाहिला, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त निघाला, तो मध्येच थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये निकाल छापून आला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवण्याआधी समोरचा गोळी *कशासाठी* घेतो ते विचारा. विमानप्रवासानंतर पायात गुठळी झालेल्या माझ्या सहकाऱ्याचं औषध काही महिन्यांत बंद झालं आणि तो परत फुटबॉल खेळतोय. त्याचा प्रश्न ‘केव्हा’ हा होता, माझा ‘काय’ हा आहे.

म्हणून मला हवंय ते अगदी साधं आहे. ऑपरेशनच्या आधी कुणीतरी विचारावं, ‘तू काय खेळतोस?’ जैविक झडपेला बहुतेकदा जन्मभर ही गोळी लागत नाही, पण तरुणात ती लवकर झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. हा व्यवहार बरा की वाईट हे पेशंटनुसार बदलेल, पण तो पोरासमोर मांडायला तर हवा. आणि ‘खेळायचं नाही’ च्या पुढे दोन ओळी लिहाव्यात: पळणं, पोहणं, टेबल टेनिस, बॅडमिंटन, डॉक्टरांनी हृदय तपासून हो म्हटलं तर चालेल. कागदावर, मराठीत.

आयोजकांनाही एक सांगणं आहे. ऑफिसातल्या स्पोर्ट्स डेचे असोत की गावच्या सामन्यांचे. नाव नोंदवताना वय, वजन, टी-शर्टचा साइज विचारता, तिथे ‘रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे का?’ हा एक रकाना वाढवा. हो म्हणणाऱ्याला घरी पाठवू नका. त्याला पंच करा, गुण लिहायला बसवा, पोरांना बोनस कसा घ्यायचा ते शिकवू द्या. मागच्या दिवाळीत मी गावात पंचगिरी केली. दोन्ही संघांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मैदानाच्या आत उभा होतो.