लखपती कोण? बाई की घर?

जळगाव येथे २५ ऑगस्ट २०२४ रोजी ‘लखपती दीदी’ संमेलन भरले आणि पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातील ११ लक्ष नव्या लखपती दीदींचा गौरव झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. समारंभांविषयी आमचे मत काहीही असो. बाईच्या कमाईचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर यावा आणि तोही खानदेशात यावा, ह्याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु मंडप उतरल्यावर आकडे मागे उरतात, आणि त्यांची फोड करणे हे वर्तमानपत्राचे कर्तव्य आहे.

त्या दिवशी ४.३ लक्ष बचत गटांस २,५०० कोटी रुपयांचा फिरता निधी जाहीर झाला. लाभ ४८ लक्ष सभासदांस. शिवाय २.३५ लक्ष गटांतील २५.८ लक्ष सभासदांस ५,००० कोटींचे बँककर्ज. भागाकार केला म्हणजे पहिल्या रकमेतून दरडोई सुमारे ५,२०० रुपये व दुसरीतून सुमारे १९,४०० रुपये येतात. एवढ्या भांडवलात एकदोन शेळ्या येतील. दुभती म्हैस येणार नाही. रक्कम अल्प म्हणून आम्ही ती तुच्छ लेखत नाही. सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा गटाचे कर्ज हजारपटीने बरे. परंतु ह्या भांडवलाच्या बळावर कोट्यवधी स्त्रिया लखपती होणार असतील, तर लखपती म्हणजे कोण, हे एकदा पाहावयास हवे.

सरकारी व्याख्येप्रमाणे, गटातील ज्या स्त्रीच्या *कुटुंबाचे* वार्षिक उत्पन्न एक लक्ष रुपये किंवा अधिक आहे, आणि जे निदान चार हंगाम अथवा व्यवसायचक्रे टिकून मासिक सरासरी दहा हजारांवर राहते, ती लखपती दीदी. टिकाऊपणाची अट शहाणपणाची आहे. घोटाळा आहे तो ‘कुटुंब’ ह्या शब्दात. नवऱ्याची मजुरी वाढली, मुलगा कारखान्यात लागला, तरी घराचा आकडा लक्षावर जाईल आणि गौरव मात्र बाईचा होईल. तिच्या हाती पूर्वीइतकेच पैसे, म्हणजे कदाचित काहीच नाही!

कोणी म्हणेल, घर आणि बाई ही काय निराळी आहेत? कागदावर ती निराळीच आहेत. खानदेशात कापूस वेचतात त्या मुख्यतः बायका. पण कापूस विकला जातो तो बहुधा पुरुषाच्या नावाने. पीककर्ज मिळते ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्यास. आणखी एक विसंगती पाहा. २०२४ सालीच सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे मासिक १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि त्या योजनेतील सर्वांत चांगला भाग तोच होय. म्हणजे दिलेला पैसा तिच्या नावे आणि तिने घाम गाळून मिळविलेला पैसा घराच्या नावे, असा हा हिशेब आहे.

रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा हा घोळ त्यांच्या मार्गात नव्हता. परिचारिका आणि शिक्षिका ह्यांची समाजास गरज होती. त्याच कामांचे शिक्षण विधवांस व निराधार स्त्रियांस देण्यात आले, आणि शिकलेल्या बाईस पगार मिळाला तो तिच्या स्वतःच्या नावे. आधी कामाची मागणी पाहिली, मग वर्ग उघडला. आज क्रम उलटा झाला आहे. वर्ग आधी उघडतात, आणि तेही शिवण, पापड, लोणची ह्यांचे. मग गावोगाव पन्नास शिवणयंत्रे खडखडतात आणि कपडे शिवून घेणारे तेवढेच राहतात.

जळगाव व धुळे ह्या जिल्ह्यांत काम नाही असे कोण म्हणेल? रावेर-यावलची केळी आहेत. त्यांस प्रतवारी, पेटीबंदी, शीतगृहे, पिकवण्याच्या खोल्या लागतात. जळगावात डाळीचे कारखाने आहेत, नळ व ठिबकसंच बनविण्याचा मोठा उद्योग आहे. शिरपूर भागात सूतगिरणी आहे. ठिबकची नळी चोंदली म्हणजे ती मोकळी करण्याचे काम अनेक शेतांत बाईच करते; परंतु मिळते ती मजूरणीची मजुरी, कारागिराचा दर नव्हे. हेच काम शास्त्रशुद्ध शिकून चार गावांत फिरणारी बाई का निर्माण होऊ नये? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. पण जोडारी किंवा वीजतंत्रीच्या वर्गात मुली मोजक्याच दिसतात. मुलींस ती कामे झेपत नाहीत, हे कारण आम्हांस मान्य नाही. वर्ग सुटण्याच्या वेळी गावाकडे जाणारी एस.टी. नसणे, तान्हे मूल ठेवावयास जागा नसणे, आणि “मुलीने पाना हाती धरला तर स्थळ कसे येईल?” हा बापाचा प्रश्न, ही खरी कारणे होत. पहिल्या दोहोंवर उपाय सरकारी हुकुमाने होतो. तिसऱ्यावर एका गावात एक मुलगी कमावती झालेली दिसली पाहिजे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. लखपती दीदींच्या नोंदपत्रकात घराच्या उत्पन्नाशेजारी बाईच्या स्वतःच्या उत्पन्नाचा एक रकाना असावा, आणि ते तिच्या खात्यात किती जमा झाले हेही तेथे लिहावे. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांनी अशी पाहणी आपल्या गटांपुरती करून आकडे प्रसिद्ध करावे. त्यासाठी दिल्लीच्या हुकुमाची वाट पाहावी लागेल असे आम्हांस वाटत नाही.