परदेशचा परवाना: वाणिज्य आणि भृति

पेणच्या गणेशमूर्ती सातासमुद्रांपलीकडे जातात. मूर्तींमागून तेथील एखाद्या तरुण कारागिराच्या, किंवा रोह्याजवळील धाटावच्या रसायनाच्या कारखान्यांतील तंत्रज्ञाच्या मनांत परदेशीं जाण्याचें आलें, तर त्यांत नवल नाहीं. मात्र घरांतील वडील माणसांनीं एक भेद नीट ध्यानांत घ्यावा.

अमरकोशांत भृति आणि वेतन हे शब्द एकत्र दिले आहेत. वाणिज्य निराळें ठेविलें आहे. परराष्ट्रांचे व्हिसाही हाच भेद पाळतात. अमेरिकेचा ‘बी-१’ हा व्यापारी व्हिसा घ्या. त्यावर पेणचा मूर्तिकार तिकडील ग्राहकास भेटेल, भाव ठरवील, करार करील; धाटावचा तंत्रज्ञ परिषदेस बसेल. परंतु तिकडील कारखान्यांत मूर्ती रंगवून तिकडचाच पगार घेणें ही नोकरी होय. तिला निराळा व्हिसा लागतो.

दलाल म्हणतो, “अर्जांत व्यापार लिहा, पुढचें पुढें पाहूं.” हें ऐकूं नये. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळविणारास अमेरिकेचा कायदा कायमचा प्रवेश नाकारूं शकतो. त्यांत नुकसान मुलाचें, दलालाचें नव्हे. परदेशीं नोकरीस माणसें पाठविणारांस आपल्याकडील १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानें नोंदणी बंधनकारक केली. तेव्हां नोंदणीचा दाखला, मालकाचें पत्र व कामाचा करार हीं आधीं पाहावीं. मगच घरचें सोनें गहाण ठेवण्याचा विचार करावा.

कष्टाच्या भृतींत कमीपणा नाहीं; तिला वाणिज्याचें नांव देऊन जाणें मात्र घातक आहे.